शाळेत ताण हाताळायला शिकवायचंय? आधी गट छोटा करा

प्रश्न विचारणाऱ्या शिक्षिकेची परिस्थिती थोडक्यात सांगते, म्हणजे इतरांनाही संदर्भ लागेल. तालुक्याच्या गावातली अनुदानित माध्यमिक शाळा आहे आणि शाळेत समुपदेशक नाही. गेल्या वर्षी नववीतल्या एका मुलीच्या मनगटावर कापल्याच्या खुणा दिसल्या, काही दिवसांनी तिच्या दोन मैत्रिणींच्याही. संस्थेच्या बैठकीत ठरलं की आठवी ते दहावीच्या सगळ्या मुलांसाठी एक दिवसाचं ताणमुक्ती शिबिर घ्यायचं आणि नंतर वर्गशिक्षकांनीच आठवड्यातून एक तास ‘भावनिक कौशल्यं’ शिकवायची. बाईंचे प्रश्न असे: हे पुरेल का, नेमकं शिकवायचं काय, पालकांना किती सांगायचं, आणि एखाद्या मुलीने गटातच ‘मला जगायचं नाही’ म्हटलं तर काय करायचं.

बाई, माझं मत सरळ सांगते. शिबिर घेऊ नका. सगळ्या वर्गांना सरसकट तासही लावू नका. आठ-दहा मुलांचा, स्वतःहून आलेल्या मुलांचा एक गट करा, मोजकी कौशल्यं पुन्हा पुन्हा करून घ्या, आणि गट अशा व्यक्तीच्या हाती द्या जिच्याकडे या मुलांचे मार्क नाहीत.

शिबिराला माझा विरोध का, ते आधी. आपल्याकडे या शिबिरांचा एक साचा ठरून गेला आहे. सभागृहात तीन-चारशे मुलं, हातात माइक घेतलेले वक्ते, शेवटच्या अर्ध्या तासात दिवे मंद, मागे हळवं संगीत, आणि ‘तुमच्या आईने तुमच्यासाठी काय काय सोसलंय’ याचं वर्णन. सगळं सभागृह हुंदके देतं. शिक्षक म्हणतात, किती परिणाम झाला! खरं तर त्या वेळी घरच्या भांडणांनी आधीच अपराधी वाटणाऱ्या मुलाच्या मनावर आणखी एक ओझं चढलेलं असतं. ज्या मुलीची आई वारली आहे किंवा घर सोडून गेली आहे, तिचं त्या अर्ध्या तासात काय होतं याची चौकशी कोणी करत नाही. वक्ते संध्याकाळच्या गाडीने परत जातात. रडू फुटलेल्या मुलाला दुसऱ्या दिवशी जाऊन बसायला जागा नसते. रडवणं सोपं असतं. पण भावनांना वाट करून दिली म्हणजे त्या हाताळता येऊ लागल्या, असं होत नाही.

सरसकट तासाचं प्रकरण जास्त गुंतागुंतीचं आहे, कारण त्यामागचा विचार चांगला वाटतो. सगळ्यांना शिकवलं तर कोणावर शिक्का बसत नाही आणि कोणी वगळलंही जात नाही. पण गेल्या काही वर्षांत यावर मोठे अभ्यास झाले आणि त्यांचे निष्कर्ष मुलांचे असे गट घेणाऱ्या आम्हा लोकांना अस्वस्थ करणारे होते. ब्रिटनमध्ये ८५ शाळांमधल्या आठ हजारांहून अधिक मुलांवर ‘मायरियड’ नावाचा प्रयोग झाला. शिक्षकांना प्रशिक्षण देऊन त्यांनी अकरा ते तेरा वर्षांच्या मुलांना सजगतेचे, म्हणजे माइंडफुलनेसचे, तास घ्यायचे होते. २०२२ मध्ये निष्कर्ष आले. नेहमीच्या तासांपेक्षा त्याचा जास्त फायदा दिसला नाही, आणि ज्या मुलांना आधीपासूनच त्रास होता त्यांच्यातल्या काहींच्या बाबतीत उलट थोडा तोटाच दिसला. बहुतेक मुलांनी घरी सराव केलाच नव्हता. ऑस्ट्रेलियात ‘वाइज टीन्स’ नावाने आठ आठवड्यांचा कार्यक्रम हजाराहून अधिक विद्यार्थ्यांमध्ये तपासला गेला. तो डायलेक्टिकल बिहेविअर थेरपी, म्हणजे डीबीटी, या तीव्र भावना हाताळायला शिकवणाऱ्या उपचारपद्धतीवर बेतलेला होता. २०२३ मध्ये छापून आलेल्या निष्कर्षांनुसार कार्यक्रम घेतलेल्या मुलांमध्ये उदासी आणि चिंता न घेतलेल्यांपेक्षा जास्त दिसली, आणि आई-वडिलांशी नातं बिघडल्याची नोंद तीन महिन्यांनंतरही कायम होती. ज्यांनी घरी नियमित सराव केला त्यांचं मात्र बरं चाललं होतं.

याचा अर्थ डीबीटी निरुपयोगी आहे असा नाही. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ मार्शा लिनेहन यांनी ती पद्धत ज्यांना तीव्र भावनिक त्रास आहे, जे स्वतःला इजा करून घेतात, अशा लोकांसाठी तयार केली. किशोरवयीनांसाठी तिचं जे रूप आहे त्यात पालकही गटात बसतात आणि मुलाला स्वतःचा वेगळा थेरपिस्टही असतो. हा सगळा आधार काढून घेऊन नुसता अभ्यासक्रम वर्गात शिकवला, तर ज्याला त्रास नाही त्याला कंटाळा येतो आणि ज्याला आहे तो तासभर स्वतःच्या त्रासाकडे बघत बसतो. त्यानंतर लगेच भूगोलाचा तास सुरू होतो.

आता कोणी शिकवायचं. याचं सगळ्यांत उपयोगी उत्तर आपल्याच देशातून आलं आहे. मानसिक आरोग्यावर काम करणाऱ्या गोव्यातल्या ‘संगाथ’ संस्थेने बिहारच्या नालंदा जिल्ह्यात सरकारी माध्यमिक शाळांमध्ये ‘सेहेर’ हा प्रयोग केला. काही शाळांमध्ये कार्यक्रम चालवायला बाहेरची, प्रशिक्षण दिलेली सामान्य व्यक्ती ठेवली. ती व्यावसायिक मानसशास्त्रज्ञ नव्हती. काही शाळांमध्ये तोच कार्यक्रम शिक्षकांनी चालवला आणि काही शाळा तुलनेसाठी होत्या. कार्यक्रम फक्त गटाचा नव्हता. भित्तिपत्रकं, सूचनापेटी, मुलांच्या बैठका, एकेकट्याशी बोलणं, असं बरंच काही त्यात होतं. ७४ शाळांच्या या अभ्यासाचे निष्कर्ष २०१८ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आले. बाहेरची व्यक्ती होती तिथे उदासीची लक्षणं कमी झाली, दादागिरी आणि मारामाऱ्या कमी झाल्या, शाळेचं वातावरण सुधारलं. शिक्षकांनी चालवला तिथे काहीच परिणाम दिसला नाही.

यात शिक्षकांची लायकी काढायचा हेतू नाही. जी व्यक्ती सकाळी गृहपाठ न केल्याबद्दल उभं करते, तिच्यासमोर दुपारी ‘मला रात्री झोप येत नाही’ हे कसं बोलायचं? शिवाय तुमच्या अंगावर निवडणुकीची कामं, पोषण आहाराच्या नोंदी, ऑनलाइन माहिती भरणं आधीच आहे. तेव्हा बाहेरची व्यक्ती शोधा. जवळच्या महाविद्यालयात समाजकार्य किंवा मानसशास्त्राचं पदव्युत्तर शिक्षण घेणारे विद्यार्थी असतात, निवृत्त परिचारिका असतात, गावात काम करणाऱ्या संस्थेची कार्यकर्ती असते. त्यांना नीट प्रशिक्षण हवं आणि पंधरा दिवसांतून एकदा एखाद्या मानसोपचारतज्ज्ञाशी किंवा चिकित्सा-मानसशास्त्रज्ञाशी फोनवर का होईना, केसेसबद्दल बोलणं हवं. ही देखरेख नसेल तर गट सुरू करू नका, या बाबतीत मी तडजोड करत नाही. आणि बाहेरची व्यक्ती मिळालीच नाही, तर निदान त्या इयत्तेला न शिकवणारी, मुलं आपणहून जिच्याजवळ जाऊन उभी राहतात अशी शिक्षिका निवडा. अशी एक तरी प्रत्येक शाळेत असते आणि ती कोण हे शिपाईमामांना बरोबर माहीत असतं.

मुलांची निवड. ‘समस्याग्रस्त’ मुलांची यादी शिक्षकांकडून मागवू नका. त्या यादीत दंगेखोर मुलं येतात आणि शेवटच्या बाकावरची गप्प मुलगी राहून जाते. त्याहून वाईट म्हणजे दंगा करणाऱ्या मुलांनाच एकत्र बसवलं तर ती एकमेकांना शाबासकी देत आणखी बिघडतात. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ थॉमस डिशन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे १९९९ मध्येच दाखवून दिलं होतं. त्यापेक्षा प्रत्येक वर्गात पाच मिनिटं जाऊन सांगा की असा गट सुरू होतोय, यात झोप, राग, परीक्षेची भीती, घरातली कटकट यांवर काम करू, यायचं असेल तर चिठ्ठी टाका. चिठ्ठी टाकणाऱ्या प्रत्येकाशी गटाआधी पंधरा-वीस मिनिटं एकट्याने बोला. हे बोलणं चुकवू नका. ज्याने अलीकडेच जीव देण्याचा प्रयत्न केला आहे, ज्याच्या घरात नुकताच मृत्यू झाला आहे, किंवा ज्याला छळणारा मुलगाच त्या गटात येणार आहे, त्याच्यासाठी गट ही योग्य जागा नाही. त्याला एकट्याला वेळ द्या किंवा पुढे पाठवा. तुमच्या त्या तीन मैत्रिणींना एकाच गटात घेऊ नका. आधी प्रत्येकीला मानसोपचारतज्ज्ञांनी वेगळं भेटायला हवं.

आठवी-नववीसाठी मुलं आणि मुली वेगळ्या ठेवा असं मी सुचवते. तत्त्व म्हणून नव्हे. तालुक्याच्या गावात मिश्र गटात पहिले तीन आठवडे नुसत्या खाणाखुणा आणि चिडवाचिडवीतच जातात, म्हणून. जागा ग्रंथालयाची किंवा प्रयोगशाळेची, दार लावता येईल अशी. मुख्याध्यापकांच्या खोलीशेजारची नको. सतरंजीवर गोल बसा. आणि कृपा करून खेळाचा तास कापून गट घेऊ नका. दिवसभरात मुलांचा ताण हलका करणारी ती एकच गोष्ट असते आणि ती हिरावून घेणाऱ्याला मुलं माफ करत नाहीत.

आता शिकवायचं काय. जागतिक आरोग्य संघटनेने लहान किशोरांसाठी ‘ईझ’ नावाचा गट-कार्यक्रम बनवला आहे. त्यात मुलांच्या सात आणि पालकांच्या तीन बैठका आहेत. भावना ओळखणं, शरीर शांत करणं, टाळत आलेली कामं पुन्हा सुरू करणं, अडचण सोडवणं, बस, एवढंच. माझ्या गटांतही साधारण हाच गाभा असतो, फक्त संवादाचा भाग मी वाढवते. पंधरा कौशल्यं सांगून मोकळं होण्यापेक्षा चार कौशल्यं प्रत्येकी दोन बैठकांत करून घेतलेली बरी. तबल्याचा बोल वहीत उतरवून घेतला म्हणून हातात बसत नाही, तसंच याचं आहे.

भावना ओळखायची सुरुवात शरीरापासून करा. कसं वाटतंय विचारलं की मुलं ‘टेन्शन’ म्हणतात आणि थांबतात. तेच कागदावर माणसाची बाह्यरेषा काढून दिली आणि राग आला की कुठे कळतं ते रंगवायला सांगितलं, की कानशिलं, जबडा, पोट, मुठी, सगळं रंगतं. राग चढण्याच्या दहा पायऱ्यांपैकी कितव्या पायरीवर आपण आहोत हे ज्याला कळू लागतं, त्याला चौथ्या पायरीवर थांबणं जमू शकतं. नवव्या पायरीवर कोणालाच जमत नाही, मोठ्यांनाही नाही.

शरीर शांत करण्यासाठी श्वास: चार आकडे मोजत आत, सहा मोजत बाहेर. बाहेर सोडणं लांब असलं पाहिजे, मुद्दा तो आहे. डोळे मिटायची सक्ती करू नका. ज्या मुलांवर मारहाण किंवा अत्याचार झालेला असतो त्यांची घाबरगुंडी डोळे मिटल्यावर वाढू शकते. जमिनीवरच्या एका फरशीकडे बघत बसलं तरी चालतं. भावना फारच अनावर असेल तर नुसत्या श्वासाच्या सरावाने भागत नाही, तिथे थंड पाणी उपयोगी पडतं. थंड पाण्यात भिजवलेला रुमाल श्वास रोखून काही सेकंद डोळ्यांवर आणि गालांवर धरला की हृदयाचे ठोके मंदावतात. पाण्यात बुडी मारल्यावर शरीर जे करतं तेच इथे होतं. बर्फ मिळाला तर उत्तम, नाहीतर माठाचं पाणी. हृदयाचा विकार असलेल्या मुलाला हे करायला लावू नका.

टाळाटाळीचा भाग मुलांना सगळ्यांत पटकन पटतो, कारण तो त्यांचा रोजचा अनुभव असतो. गणिताची भीती वाटते म्हणून पुस्तक उघडत नाही, उघडलं नाही म्हणून भीती वाढते, मग पांघरुणात मोबाइल. कबड्डीच्या सरावाला जाणं बंद केलेला मुलगा ‘मूड आला की जाईन’ म्हणतो. गटात शिकायचं ते हे, की मूड यायची वाट न बघता नुसतं मैदानापर्यंत जाऊन यायचं, खेळायचं की नाही ते तिथे ठरवायचं. हे काम इतकं लहान ठेवायचं की न करायला कारण सापडू नये.

अडचण सोडवण्याचा भाग मात्र सावकाश घ्या, खरी मेहनत इथे आहे. आपल्याकडे विवेकनिष्ठ विचारपद्धती, म्हणजे त्रास देणारे टोकाचे विचार तपासून बदलायची पद्धत, बऱ्यापैकी रुजली आहे. ती मांडणारे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची मांडणी मराठीत अनेकांनी सोपी करून सांगितली आहे आणि मीही ती वापरते. पण चौदा वर्षांच्या मुलासमोर ती घाईने मांडली तर फसते. ‘बाबांनी व्याजाने पैसे काढून क्लासची फी भरली, मला ९० टक्के मिळालेच पाहिजेत’ असं मुलगा म्हणाला आणि आपण लगेच ‘हा तुझा अविवेकी विचार’ म्हटलं, तर तो पुढच्या आठवड्यात येत नाही. व्याज खरं आहे. आधी अडचणीचे दोन भाग करायला शिकवा: माझ्या हातात असलेला आणि नसलेला. वडील दारू पितात, ती सोडवणं मुलाच्या हातात नाही, आणि हे त्याला कोणीतरी मोठ्या माणसाने स्पष्ट सांगणं हेच पुष्कळदा गटातलं सगळ्यांत मोलाचं काम असतं. पण भांडण सुरू झालं की धाकट्या बहिणीला घेऊन कोणाच्या घरी जायचं, दप्तर कुठे ठेवायचं, अभ्यास कोणत्या वेळी उरकायचा, हे ठरवता येतं. पर्याय सुचवताना गटाला पहिला नियम द्या: लिहून होईपर्यंत कोणत्याही पर्यायाला हसायचं नाही. मग एक निवडायचा, आठवडाभर करून बघायचा, पुढच्या वेळी येऊन सांगायचं. संगाथच्याच ‘प्राइड’ कार्यक्रमात दिल्लीच्या सरकारी शाळांत हेच अडचण सोडवणं चित्रकथांच्या पुस्तिकांमधून, एकेकट्या मुलासोबत, शिकवलं गेलं. मुलांनी स्वतः सांगितलेल्या अडचणींचा त्रास कमी झाला. आजाराची एकूण लक्षणं मात्र पहिल्या सहा आठवड्यांत नुसत्या पुस्तिका मिळालेल्या मुलांपेक्षा फारशी हलली नाहीत. गटाकडून किती अपेक्षा ठेवायची हे यातून कळतं.

संवादाच्या बैठकीत छोटे प्रसंग करून घ्या. सहलीला जायची परवानगी, क्लास बदलायची मागणी, ‘मला एकटीला फोनवर बोलू दे’ हे भावाला सांगणं. वडिलांची भूमिका दुसऱ्या मुलाला द्या. मुलं वडील इतके हुबेहूब करतात की हसू आवरत नाही, आणि त्या हसण्यातच अर्धी भीती जाते. काय बोलायचं यापेक्षा कधी बोलायचं हे आधी ठरवायला लावा. वडील शेतातून किंवा ड्यूटीवरून आल्या आल्या, जेवणाआधी, पाहुण्यांसमोर नाही. कोणती वेळ बरी हे मुलांना आपल्यापेक्षा चांगलं ठाऊक असतं.

गुप्ततेबद्दल पहिल्याच बैठकीत, कोणी काही बोलण्याआधी, सांगा: इथलं इथेच राहील, पण तीन गोष्टी मी लपवू शकणार नाही. कोणी स्वतःच्या जिवाचं बरंवाईट करणार असेल, कोणी दुसऱ्याला गंभीर इजा करणार असेल, किंवा कोणावर लैंगिक अत्याचार होत असेल. तिसऱ्या बाबतीत तर कायदाच आहे. २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार माहिती असलेल्या प्रत्येकाला पोलिसांकडे कळवणं बंधनकारक आहे. ‘संस्थेची बदनामी होईल’ म्हणून ते दाबणं हा गुन्हा ठरतो. हे संचालक मंडळाला आधीच लेखी कळवून ठेवा, ऐन वेळी वाद नको.

‘मला जगायचं नाही’ असं कोणी गटात म्हणालं तर विषय बदलू नका आणि गटात त्याचा तपशीलही काढू नका. ‘तू हे बोललीस ते बरं केलंस, बैठक संपली की आपण दोघी बसू’ एवढं म्हणा आणि त्याच दिवशी बसा. जीव देण्याचा विचार येतो का, कसा, साधन हाताशी आहे का, हे थेट विचारा. विचारल्याने कल्पना डोक्यात शिरते ही भीती चुकीची आहे. शेतकरी घरांमध्ये कीटकनाशकाचा डबा कुठे असतो हा प्रश्न विचारलाच पाहिजे, आणि तो कुलपात किंवा घराबाहेर हलवणं हे त्या दिवसाचं पहिलं काम. मुलीला एकटी घरी पाठवू नका, पालकांना बोलावून तिच्यासमोरच सांगा. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. मुलांसाठीची मदतवाहिनी १०९८. जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागाचा ओपीडीचा वार गट सुरू होण्याआधीच माहीत करून घ्या.

कापून घेण्याबद्दल गटात बोलताना व्रण दाखवणं, कशाने, कुठे हे सांगणं बंद. या वयात ते पसरतं, हे तुमच्या शाळेत दिसलंच आहे. कापण्याआधी काय झालं होतं आणि त्या क्षणी दुसरं काय करता आलं असतं, एवढंच बोला.

पालकांना सुरुवातीलाच बोलवा. वाइज टीन्समध्ये मुलांचं घरच्यांशी का बिघडलं असावं याचा माझा अंदाज असा: मूल नवी भाषा शिकून घरी गेलं आणि घर होतं तिथेच राहिलं. ‘मला आता माझा वेळ हवाय’ असं मुलीने म्हटल्यावर आईला तो उद्धटपणा वाटणारच. म्हणून निदान दोन बैठका पालकांच्या, संध्याकाळी सातनंतर, नाहीतर फक्त आयाच येतात. मुलांनी काय सांगितलं ते सांगायचं नाही, काय शिकवतोय ते सांगायचं, आणि श्वासाचा सराव त्यांच्याकडूनही करून घ्यायचा. पालकांची लेखी संमती घ्या, मुलाचीही वेगळी घ्या. मुलाला नको असेल तर वडिलांच्या सहीने ते गटात येत नाही.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाही, तरी सांगते. काही ताण शाळाच तयार करते. चाचणीचे मार्क वर्गात मोठ्याने वाचून दाखवणं, ‘अ’ आणि ‘ड’ तुकडीतली विभागणी, फी राहिलेल्यांची नावं फळ्यावर लिहिणं, छडी. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने आठवीपर्यंतच्या मुलांना शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींना मनाई केली आहे, आणि नववीत गेल्यावर मुलाची कातडी जाड होत नाही. हे सुरू ठेवून मुलांना श्वास घ्यायला शिकवणं हा अप्रामाणिकपणा आहे. गट सुरू करण्याआधी यातल्या दोन गोष्टी तरी बंद करून दाखवा. त्याला खर्चही नाही.

वेळापत्रक असं ठेवा. जून मुलांना स्थिरावायला जाऊ द्या, जुलैत वर्गांमध्ये सांगून चिठ्ठ्या आणि एकेकट्याच्या भेटी, जुलैच्या अखेरीपासून आठवड्याला एक याप्रमाणे आठ-नऊ बैठका. गणपतीत एक आठवडा जाईल, तो धरूनही सहामाहीआधी संपतं. दहावीच्या मुलांसाठी जानेवारीत, पूर्वपरीक्षेच्या तोंडावर, गट सुरू करू नका. त्या वेळी त्यांना झोप, वेळापत्रक आणि घरच्यांचं तोंड बंद ठेवणं एवढंच हवं असतं. पहिलं वर्ष नववीचा एकच गट घ्या. पहिल्या बैठकीत प्रत्येकाला स्वतःची एक अडचण लिहून तिच्या त्रासाला शून्य ते दहा गुण द्यायला सांगा, दर दोन आठवड्यांनी पुन्हा. चार बैठकांनंतरही कोणाचा आकडा वाढतच असेल, तर त्याला गटात तसंच बसवून ठेवू नका, एकट्याला भेटा आणि पुढे पाठवा. दिवाळीच्या सुट्टीनंतर एक बैठक फक्त आठवणीची घ्या, कोण काय अजून वापरतंय ते विचारायला. आकड्यांचा तो कागद मला पाठवलात तर पुढच्या वर्षी दुसरा गट घ्यायचा की नाही हे आपण मिळून ठरवू.